आर्क पेटताच अडणारे सीएनसी प्लाझ्मा टेबल: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची जागा

किटवरून जोडलेले सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने टॉर्च फिरवून विजेच्या तप्त ज्योतीने (आर्कने) पत्रा कापणारे यंत्र, टॉर्च बंद ठेवून चालवले तर तासन्‌तास बिनतक्रार चालते, टॉर्चच्या जागी मार्कर लावला तर पत्र्यावर रेखीव नक्षी काढते, आणि आर्क पेटवून कापायला घेतले की दुसऱ्या-तिसऱ्या छिद्रापाशी अडते, ही या यंत्राची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधली अशी टेबले मी वारंवार दुरुस्त करतो, आणि मला बोलावण्यापूर्वी मालकाने बरेचदा एक नवे कंट्रोलर कार्ड विकत घेऊन बसवलेले असते. त्याने हा बिघाड क्वचितच जातो, कारण दोष कार्डात नसून आर्कमुळे उठणारा विद्युत नॉइज (वायरींत शिरणारे नको असलेले विद्युत झटके) ज्या वाटेने कार्डापर्यंत पोहोचतो त्या वाटेत असतो. खालचा सगळा खटाटोप ती वाट शोधण्यासाठी आहे.

लक्षणे

जीआरबीएल या कार्डावरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या टेबलात आर्क पेटण्याच्या क्षणी पडद्यावर ‘अलार्म १’ येतो, म्हणजे लिमिट स्विच (टेबलाच्या कडेला हालचाल थांबवणारा स्विच) दाबला गेला असे कार्ड सांगते. प्रत्यक्षात गॅन्ट्री (टॉर्च वाहून नेणारा सरकता आडवा पूल) टेबलाच्या मधोमध असते आणि एकही स्विच दाबलेला नसतो. मॅक-३ हे संगणकावरचे कंट्रोल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हेच ‘लिमिट’ किंवा ‘इमर्जन्सी स्टॉप’ लागल्याच्या संदेशाच्या रूपात दिसते. यूएसबीने जोडलेल्या टेबलात लॅपटॉपवर उपकरण निघाल्याचा आवाज येतो, जोडणी तुटते आणि काम अर्धवट राहते. काही टेबलांत काहीच थांबत नाही, पण गोल छिद्र अंडाकृती होते, शेवटचा तुकडा शेजारच्या तुकड्यावर चढतो, किंवा काम संपल्यावर टॉर्च शून्यावर परत न येता दोन-चार मिलिमीटर बाजूला थांबते. टॉर्चची उंची राखणारे टीएचसी बसवलेले असेल तर टॉर्च अकारण वर उचलली जाते किंवा पत्र्यात घुसते.

यातले एक लक्षण धोक्याचे आहे. कार्ड गोठले पण टॉर्चचा रिले चालूच राहिला, तर आर्क एकाच जागी जळत राहतो. म्हणून पुढच्या कोणत्याही तपासणीआधी, इमर्जन्सी स्टॉपचे बटण टॉर्चची ट्रिगर वायर (टॉर्चला पेटण्याचा हुकूम नेणारी वायर) स्वतःच्या संपर्काने तोडते की केवळ सॉफ्टवेअरला निरोप देते, हे पाहून घ्यावे. निरोप देणारे बटण गोठलेल्या कार्डापुढे निरुपयोगी असते.

काहीही हलवण्याआधी: बिघाड नेमका कधी होतो?

ही तपासणी फुकट आहे आणि मी तिला सर्वाधिक वेळ देतो. जे काम बिघडले तोच प्रोग्रॅम प्लाझ्मा मशीन पूर्ण बंद ठेवून, तितक्याच वेगाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावा. सुरुवातीला टेबलावर मार्करने फुली मारून ठेवावी आणि शेवटी टॉर्च त्याच फुलीवर येते का ते पाहावे. आर्कशिवायही फुली चुकत असेल, तर नॉइजचा शोध घेत बसू नये. दोष यांत्रिक आहे किंवा ड्रायव्हरच्या (मोटरला वीज देणाऱ्या कार्डाच्या) मांडणीत आहे.

आर्कशिवाय सर्व ठीक असेल, तर आर्क लावून क्षण पकडावा. फक्त पेटण्याच्या वेळी अडत असेल, तर बहुधा हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट कारणीभूत असतो. बाजारातल्या स्वस्त प्लाझ्मा मशीनपैकी अनेक मशीन हजारो व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी टाकून आर्क पेटवतात, आणि ती ठिणगी टॉर्चच्या केबललाच अँटेना बनवते. आर्क स्थिर झाल्यावर, कापताना मधूनमधून अडत असेल, तर पत्र्याला लावलेला अर्थिंगचा क्लॅम्प, टॉर्चच्या टोकाची झिजलेली नोझल किंवा वीजपुरवठा यांच्याकडे पाहावे. आर्क विझताना अडत असेल, तर रिलेच्या किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या कॉइलमधून परत येणारा झटका संशयास्पद ठरतो. जाळीदार पत्रा कापताना बिघाड वाढतो, कारण तिथे आर्क पुन्हापुन्हा तुटतो आणि मशीनला तो पुन्हापुन्हा पेटवावा लागतो. ही नोंद कागदावर करावी. पुढे वायरमनला किंवा तंत्रज्ञाला बोलवायची वेळ आली, तर त्याला तीच सर्वांत उपयोगी पडते.

जागा चुकत असेल, तर किती चुकते तेही मोजावे. स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी मोटर) भाराखाली अडखळली की रोटर चार पूर्ण स्टेपच्या पटीत मागे पडतो, म्हणजे १.८ अंशांच्या मोटरमध्ये ७.२ अंश किंवा फेरीचा पन्नासावा भाग. रॅकवर (दातेरी पट्टीवर) २० दात्यांचा १ मॉड्यूलचा (दात्याच्या मापाचा) पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, थेट मोटरवर असेल, तर एका फेरीत टॉर्च सुमारे ६२.८ मिमी सरकते, आणि अडखळण्याची चूक सुमारे १.२६ मिमीच्या पटीत येते. २० दात्यांच्या जीटी-२ (२ मिमी अंतराच्या दात्यांच्या पट्ट्याच्या) पुलीवर ती ०.८ मिमीच्या पटीत येते. मोजलेली चूक अशी ठरावीक पटीत बसत असेल, तर मोटर अडखळते आहे. चूक बारीक, बेहिशेबी आणि साठत जाणारी असेल, तर एक तर पल्सच्या (मोटरला स्टेपचा हुकूम नेणाऱ्या) वायरीत नॉइज शिरून जादा स्टेप पडत आहेत, किंवा पुली शाफ्टवर घसरते आहे. घसरण ओळखायला शाफ्ट आणि पुली यांच्यावरून जाणारी मार्करची एक बारीक रेघ पुरते. तासाभराच्या कामानंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर ग्रब स्क्रू ढिला आहे. तो शाफ्टच्या सपाट भागावर टेकवून, थ्रेड-लॉक लावून घट्ट करावा.

पत्र्याचा क्लॅम्प, नोझल आणि हवा

प्लाझ्माचा सगळा करंट टॉर्चमधून पत्र्यात आणि पत्र्यातून क्लॅम्पमार्गे मशीनमध्ये परत जातो. सोयीसाठी बरेच जण हा क्लॅम्प टेबलाच्या चौकटीला कायमचा लावून ठेवतात आणि पत्रा नुसता पट्ट्यांवर टेकवतात. पट्ट्यांवर स्लॅग आणि गंज साठला की पत्रा आणि चौकट यांतला संपर्क तुटक होतो, आणि परतीचा करंट मिळेल त्या वाटेने जाऊ लागतो. त्या वाटांमध्ये गॅन्ट्रीचे बेअरिंग, लिमिट स्विचच्या वायरीची शील्ड (वायरीभोवतीचे धातूचे आवरण) आणि यूएसबीची केबलही येते. म्हणून क्लॅम्प थेट पत्र्यावर, ग्राइंडरने स्केल (पत्र्यावरचा काळा थर) काढून चकचकीत केलेल्या जागी लावावा. या एका बदलाने थांबलेला बिघाड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की तो केल्याशिवाय मी पुढे जातच नाही.

यानंतर टॉर्चचे तोंड उघडून इलेक्ट्रोड पाहावा. त्याच्या टोकाला हॅफ्नियम या धातूचा बारीक ठिपका असतो आणि वापराने तिथे खड्डा पडतो. खड्डा दीड मिलिमीटरच्या पुढे गेला असेल, किंवा नोझलचे छिद्र गोल न राहता एका बाजूला खाल्ले गेले असेल, तर आर्क पहिल्या प्रयत्नात पेटत नाही आणि मशीन ठिणगीवर ठिणगी टाकत राहते. ओल्या हवेनेही तेच होते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टाकी रोज ड्रेन करावी आणि फिल्टरच्या भांड्यात पाणी दिसत असेल, तर ते आधी काढावे. या वस्तू कमी किमतीत मिळतात आणि तशाही बदलाव्याच लागतात.

केबलांची वाट

किटच्या चित्रात सर्व वायरी एकाच ड्रॅग चेनमधून (गॅन्ट्रीबरोबर वळणाऱ्या वायरींच्या साखळीतून) नेलेल्या दिसतात, आणि चित्र पाहून जोडणारा माणूस टॉर्चची केबलही त्याच चेनमध्ये कोंबतो. दिसायला ते नीटनेटके असते, पण हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या मशीनसाठी याहून वाईट मांडणी सापडणार नाही. टॉर्चची केबल आणि क्लॅम्पची केबल सिग्नलच्या वायरींपासून किमान ३०० मिमी दूर न्यावी आणि जिथे एकमेकींना ओलांडावे लागेल तिथे काटकोनात ओलांडावे. उरलेल्या केबलचे वेटोळे करून टेबलाखाली टांगू नये, कारण वेटोळे म्हणजे कॉइलच असते. ती जमिनीवर नागमोडी पसरावी. प्लाझ्मा मशीन आणि कंट्रोलचा डबा टेबलाच्या विरुद्ध टोकांना ठेवावेत.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. बिघाड गेला, तर नॉइज चार्जरमार्फत मेनच्या वाटेने येतो आहे. यूएसबीची केबल दीड मीटरपेक्षा लांब नसावी, शील्ड असलेली असावी आणि दोन्ही टोकांना चिमट्यासारखे बसणारे फेराइटचे तुकडे लावावेत. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात. कंट्रोलच्या डब्याला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्याचा सल्लाही कोणीतरी देतोच. अर्थला न जोडलेल्या फॉइलने विशेष काही साधत नाही, आणि ती सैल झाली तर टर्मिनलवर पडून शॉर्ट करते.

एकेक वायर काढून पाहणे

एवढ्यावर बिघाड टिकला असेल, तर नॉइज आत कुठून येतो ते वजाबाकीने शोधावे. कंट्रोलचा डबा चालू ठेवावा, पण मोटरी हलवू नयेत. टॉर्चची ट्रिगर वायर डब्यातून सोडवून तिला वेगळे पुश बटण लावावे, आणि गॉगल, हातमोजे घालून भंगार पत्र्याच्या तुकड्यावर ते बटण दाबून आर्क पेटवावा. आता कार्ड शांत राहिले, तर नॉइज ट्रिगरच्या वायरीतून येत होता. मग ट्रिगर जोडून टीएचसीची वायर काढावी, त्यानंतर लिमिट स्विचच्या वायरी. प्रत्येक सोडवणी आणि जोडणी प्लाझ्मा मशीनचा मेन बंद करूनच करावी. एका वेळी एकच वायर काढावी. दोन एकदम काढल्या की निष्कर्ष हाती लागत नाही. आर्क पेटवताना मल्टीमीटरच्या वायरी कुठेही लावलेल्या नसाव्यात, कारण त्या ठिणगीने मल्टीमीटर जळतो.

दोषी ट्रिगर असेल, तर कार्डावरच्या छोट्या रिलेवर भरवसा न ठेवता २४ व्होल्टचा वेगळा रिले प्लाझ्मा मशीनच्या जवळ बसवावा, म्हणजे मशीनच्या टर्मिनलपासून येणारी वायर हातभराचीच राहते आणि डब्यापर्यंत फक्त रिलेच्या कॉइलची वायर जाते. कॉइलवर उलट्या दिशेने डायोड लावला की आर्क विझतानाचा झटकाही तिथेच जिरतो.

दोषी लिमिट स्विच असतील, आणि अर्डुइनो-जीआरबीएलच्या किटमध्ये बहुधा तेच असतात, तर त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अर्डुइनोच्या इनपुटला आतून २० ते ५० किलोओहमचा पुल-अप (इनपुटला ५ व्होल्टशी बांधून ठेवणारा रोध) असतो. इतक्या मोठ्या रोधामागे टांगलेली तीन-चार मीटरची वायर कोणताही नॉइज आनंदाने पकडते. उपाय असा की कार्डाजवळ इनपुट आणि ५ व्होल्ट यांच्यात ४.७ किलोओहमचा रोध, आणि इनपुट व ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. या जोडीचा कालावधी सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा होतो. मायक्रोसेकंदात येऊन जाणारी ठिणगी त्यात विरते आणि खरा स्विच मात्र वेळेवर ओळखला जातो. दोन्ही वस्तू मिळून काही रुपयांच्या असतात. याहून भक्कम काम हवे असेल, तर स्विच २४ व्होल्टवर चालवून ऑप्टोकपलरमार्फत (विद्युत जोडणीऐवजी प्रकाशाने सिग्नल पोहोचवणाऱ्या भागामार्फत) कार्डाला जोडावेत आणि नॉर्मली क्लोज्ड (एनसी), म्हणजे न दाबता जोडलेला असणारा, संपर्क वापरावा, म्हणजे वायर तुटली तरी लगेच कळते. एनसी संपर्क घेतल्यावर जीआरबीएलमध्ये डॉलर ५ ($5) ची सेटिंग उलटावी लागते.

सॉफ्टवेअरमधूनही काही मिळवता येते. मॅक-३ मध्ये डिबाउन्स इंटरव्हल वाढवला की क्षणभराचे खोटे सिग्नल दुर्लक्षिले जातात, आणि जीआरबीएलमध्ये डॉलर २१ ($21) शून्य केले की हार्ड लिमिट बंद होतात. शोध घेताना हे तात्पुरते करावे. कायमचे करून ठेवले, तर अलार्म थांबतो पण नॉइज तसाच राहतो, आणि तोच पुढे पल्सच्या वायरीत शिरून जागा चुकवतो. हार्ड लिमिट बंद करून आनंदाने काम करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचे पत्रे वाया जातात आणि दोष ते डिझाइनच्या फाइलला देतात.

मोटरींच्या आणि स्विचच्या वायरी शील्ड असलेल्या घ्याव्यात, आणि शील्ड फक्त कंट्रोलच्या डब्याकडच्या टोकाला अर्थ करावी. दोन्ही टोके जोडली, तर शील्ड स्वतःच परतीच्या करंटची वाट बनते.

वीजपुरवठा

घरगुती जोडणीवर चालणारे ४० अँपिअरचे प्लाझ्मा मशीन पूर्ण भारावर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर साधारण २५ अँपिअर ओढते. ते दीड चौरस मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवले, तर आर्क पेटताच विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो आणि त्याच बोर्डावरचा कंट्रोलचा एसएमपीएस (डब्याला डीसी वीज देणारा पुरवठा) डळमळतो. लक्षणे अगदी नॉइजसारखी दिसतात. ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे कंट्रोलचा डबा आणि लॅपटॉप दुसऱ्या सर्किटवर किंवा छोट्या यूपीएसवर चालवून पाहणे. तेवढ्याने बिघाड गेला, तर प्लाझ्मासाठी किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन आणि योग्य एमसीबी हवा. ही लाइन परवानाधारक वायरमनकडूनच टाकून घ्यावी. मंजूर भार कमी असेल, तर महावितरणकडून तो वाढवून घेणे ओघाने आलेच.

अर्थिंग

आतापर्यंतचे काम एका सुटीच्या दिवसात होण्यासारखे आहे. अर्थिंगचे तसे नाही, म्हणून ते शेवटी ठेवले आहे, जरी हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या मशीनमध्ये तेच निर्णायक ठरते. टेबलाच्या चौकटीवर तांब्याची एक पट्टी बसवावी आणि गॅन्ट्री, कंट्रोलचा डबा व टेबल यांच्या अर्थ वायरी त्या एकाच पट्टीवर स्वतंत्रपणे आणाव्यात. एका भागातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करू नये. गॅन्ट्री बेअरिंगवर फिरते आणि ग्रीसमधून भरवशाचा संपर्क होत नाही, म्हणून तिला चौकटीशी जोडणारी लवचिक वेणीची वायर वेगळी द्यावी. रंग लावलेल्या पृष्ठभागावर लग आवळून उपयोग नाही; रंग खरवडून स्टार वॉशर घालावा.

पट्टीपासून जमिनीतल्या रॉडपर्यंतची वायर ३ मीटरच्या आत असावी. उच्च वारंवारतेला लांब वायर म्हणजे अडथळाच असतो, मग ती कितीही जाड असो. वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला असलेला अर्थिंगचा खड्डा म्हणूनच या कामी पुरत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, आणि अडीच-तीन मीटरचा रॉड ठोकून आत जात नाही. मग लोक तो अर्धा कापतात आणि उरलेला तुकडा मातीत रोवून मोकळे होतात. उन्हाळ्यात ती माती कोरडी पडली की त्याचा रोध भलताच वाढतो, आणि पावसाळ्यात नीट चाललेले टेबल एप्रिल-मेमध्ये पुन्हा अडू लागते. अशा जमिनीत बोअर घेऊन, भोवती ओलावा धरणारे मिश्रण भरून अर्थिंग करावे लागते.

टेबलासाठी ठोकलेला रॉड इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलाच असला पाहिजे. नॉइज परत येऊ नये म्हणून तो वेगळा ठेवण्याचा सल्ला फिरत असतो आणि तो जीवघेणा आहे, कारण फेजचा दोष झाला तर टेबल आणि शेजारचे यंत्र यांच्यात पूर्ण व्होल्टेज उभे राहू शकते. भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. त्यानुसार काम करणाऱ्या विद्युत ठेकेदाराला बोलवावे आणि रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा. साध्या मल्टीमीटरने तो मोजता येत नाही.

इथे हात थांबवावा

टेबलाला किंवा गॅन्ट्रीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर शोध लगेच थांबवून मेन बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. तो नॉइज नव्हे, अर्थिंगचा दोष किंवा गळती असते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा बरेच जास्त दाब दिसत असेल, तरी तेच करावे.

प्लाझ्मा मशीनचे झाकण उघडावे लागेल असे कोणतेही काम स्वतः करू नये. आत सुमारे तीनशे व्होल्ट डीसीपर्यंत जाणारा ओपन सर्किट दाब असतो आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात. एकेक वायर काढण्याच्या तपासणीत दोष टीएचसीच्या वायरीत निघाला, तर बहुतेक वेळा आर्कचा कच्चा दाब थेट टीएचसीपर्यंत नेलेला आढळतो. तो मशीनच्या आतच ५० भागांत विभागून बाहेर आणणारे डिव्हायडर कार्ड बसवणे हा उपाय आहे, आणि ते काम पॉवर सोर्स दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे. ठिणगीचे अंतर कमी करणे किंवा हाय फ्रिक्वेन्सीचा कॉइल बदलणे यांनाही हेच लागू होते.

हे सर्व करूनही आर्क पेटताना कार्ड अडत असेल, तर ब्लोबॅक स्टार्टचे प्लाझ्मा मशीन घेण्याचा विचार करावा. त्यात इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांना टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने ते विलग होताना आर्क पेटतो, त्यामुळे हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी मुळात लागतच नाही. अशी मशीन महाग असतात. म्हणून विकत घेण्याआधी एखाद्या दिवसासाठी भाड्याने किंवा ओळखीच्या शॉपमधून आणून आपल्याच टेबलावर, आपल्याच प्रोग्रॅमने चालवून पाहावे. त्यावरही तोच बिघाड आला, तर पैसे मशीनवर घालण्याऐवजी अर्थिंगवर घालावेत.